बेताच्या पैशांत क्राकूवचा नाताळ

युरोपातला नाताळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बाजारच येतो. चौकातल्या लाकडी टपऱ्या, दिव्यांच्या माळा, वाफाळती वाइन. पाठीवर सॅक टाकून बेताच्या पैशांत फिरणाऱ्या माणसाचा खिसा त्या टपऱ्या एका संध्याकाळीत रिकामा करतात. पोलंडमधल्या क्राकूव शहरात राहून माझं मत असं झालंय, की त्या बाजारात एक चक्कर मारावी, दिवे डोळे भरून पाहावेत आणि पुढे होऊन गावाच्या सणात शिरावं. तिथे पैसे फारसे लागत नाहीत. लागते ती तारखांची आणि रीतीभातीची माहिती.

पोलंडच का, असं मला घरी कुणी विचारलं नाही. आम्ही कोल्हापूरचे. १९४३ ते १९४८ या काळात आमच्या वळिवड्याला जवळजवळ पाच हजार पोलिश निर्वासित छावणीत राहत होते. रशियनांनी सैबेरियाकडे हद्दपार केलेली, तिथून सुटून इराणमार्गे आलेली ही माणसं. त्यांत बायका आणि मुलंच जास्त. त्यांचा स्मृतिस्तंभ महावीर उद्यानात आहे आणि वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. लहानपणापासून त्या छावणीच्या गोष्टी ऐकल्या होत्या. ही माणसं आपल्या घरी सण कसा करतात, ते मला पाहायचं होतं.

त्यांचा खरा सण २४ डिसेंबरच्या संध्याकाळी. तिला विगिलिया म्हणतात. २०२५ पासून पोलंडमध्ये त्या दिवशी सरकारी सुट्टी असते आणि २५, २६ तर आधीपासूनच सुट्टीचे. म्हणजे तीन दिवस मोठी दुकानं बंद, बहुतेक खाणावळीही बंद. काही हॉटेलं उघडी असतात, पण ती महागडी. स्वस्तात राहणाऱ्याने म्हणूनच स्वयंपाकघर असलेलं हॉस्टेल निवडावं आणि २३ तारखेला तीन दिवसांचा बाजार करून ठेवावा. मी तो स्तारी क्लेपाश या जुन्या मंडईत केला. किल्ल्याच्या बुरुजासारख्या बार्बिकनपासून ती चालत पाच मिनिटांवर आहे. आंबवलेला कोबी, सुकवलेली जंगली मशरूम, डोंगरी मेंढपाळांचं धुरावलेलं चीज, सफरचंदं, बटाटे. सुट्टं घेता येतं, एका माणसापुरतं घेता येतं.

त्याआधीचे दिवस मी ‘बार म्लेच्नी’त जेवले. शब्दशः दूध-बार, पण दारूशी काही संबंध नाही. ही साधी खाणावळ. पहिली अशी खाणावळ १८९६ मध्ये वॉर्सात निघाली, साम्यवादी राजवटीत गावोगाव पसरली, आणि तिथल्या बिनमांसाच्या पदार्थांना आजही सरकारी अनुदान मिळतं. काउंटरवर पैसे भरायचे, खिडकीतून ताट घ्यायचं, जेवून झालं की भांडी परत द्यायची. शेजारी पेन्शनर आजोबा, विद्यार्थी, कामगार. बिटाचं सूप आणि बटाटा-चीज भरलेले पिएरोगी मिळून तीसेक झ्लॉटींत (पोलिश चलन) पोट भरायचं. चौकातल्या टपरीवर नुसत्या पिएरोगींना त्याहून जास्त पडतात. शाकाहारी वाचकांनी एक लक्षात ठेवावं: पिएरोगींवर वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे टाकायची पद्धत आहे. ‘बेझ मिएंसा’, म्हणजे मांस नको, हे आधीच सांगावं.

क्राकूवला पाहण्यासारखं सगळ्यात सुंदर काय, तर शॉप्का. येशूजन्माचा देखावा, पण त्याला गोठ्याऐवजी क्राकूवच्याच इमारती: सेंट मेरी चर्चचे दोन असमान मनोरे, वावेल टेकडीवरचा घुमट, सगळं रंगीत चमकत्या कागदाने मढवलेलं. एकोणिसाव्या शतकात हिवाळ्यात बांधकामं थांबली की हातावर पोट असलेले गवंडी हे देखावे करून त्यांवर चार पैसे मिळवायचे. १९३७ मध्ये त्याची स्पर्धा सुरू झाली. मधली युद्धाची वर्षं सोडली तर ती दर वर्षी डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी भरते, आणि २०१८ मध्ये युनेस्कोने ही कला आपल्या यादीत घेतली. आपल्या पोरांच्या दिवाळीतल्या किल्ल्यामागे जे वेड असतं, तेच इथे पन्नाशी-साठीच्या माणसांत दिसतं. संग्रहालयातल्या प्रदर्शनाला तिकीट आहे, पण काही शॉप्का शहरात उघड्यावर, काचेच्या कपाटांत मांडतात. त्या शोधत फिरण्यात माझी एक अख्खी दुपार गेली. दुपार तरी केवढी! पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो.

आणि आकाशात पहिली चांदणी दिसली की विगिलियाचं जेवण सुरू होतं. टेबलावरच्या पांढऱ्या कापडाखाली थोडं वाळलेलं गवत पसरतात, गव्हाणीची आठवण म्हणून. पदार्थ बारा, परंपरेने बिनमांसाचे. मासा मात्र चालतो. आमच्या हॉस्टेलवाल्या बाईंनी राहिलेल्या सगळ्यांना सांगितलं, प्रत्येकाने एकेक पदार्थ करा. मी कांदा-लसूण मसाला घालून बटाट्याची भाजी केली. त्यांनी मशरूमचं सूप आणि सुक्या फळांचं गोड सरबत आणलं. जेवणाआधी ओप्वातेक नावाची पातळ पापडी हातात घेऊन प्रत्येकजण दुसऱ्याच्या पापडीचा तुकडा मोडतो आणि तोंडाने शुभेच्छा देतो. अनोळखी माणसाच्या डोळ्यांत बघून ‘तुझं भलं होवो’ म्हणायचं, हे मला फार मोठं वाटलं. टेबलावर एक ताट जास्तीचं मांडलेलं असतं, अवचित आलेल्या पाहुण्यासाठी. घरदार हरवलेल्या त्या निर्वासितांनी वळिवड्यातही तसं ताट मांडलं असेल का, हा विचार माझ्या मनातून काही जात नव्हता.

रात्री बाराला ‘पास्तेर्का’, म्हणजे मध्यरात्रीची प्रार्थना. सेंट मेरीमध्ये दिवसा पर्यटकांना तिकीट असतं. प्रार्थनेला येणाऱ्याला नसतं. फाइट श्टोस याने १४७७ ते १४८९ अशी बारा वर्षं खपून कोरलेली लाकडी वेदी समोर असते, आणि सगळं चर्च उभं राहून कोलेंडी, म्हणजे नाताळची गाणी, गातं. तिकडे वावेलवर १५२० मध्ये ओतलेली झिग्मुंट घंटा वाजते. ती यंत्राने वाजत नाही, डझनभर माणसं दोर ओढून वाजवतात. प्रार्थनेला जायचं तर भाविकांसारखं जावं. टोपी काढावी, मोबाइल खिशात ठेवावा, मागे उभं राहावं. फोटोसाठी लोकांच्या प्रार्थनेत घुसणारे प्रवासी पाहिले आणि मला राग आला.

खर्चाचं म्हणाल तर विमानाचं तिकीट आणि कागदपत्रं हाच मोठा भाग. शेंगेन व्हिसाचं शुल्क प्रौढाला ९० युरो, शिवाय किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा सक्तीचा. नाताळच्या तीन दिवसांत हॉस्टेलची खाट मला स्वस्त मिळाली. ३१ डिसेंबर जवळ आला तसे भाव चढले, म्हणून मी २८ लाच गाव सोडलं. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. डिसेंबरात जायचं मनात असेल, तर गणपती बसायच्या आत कागदपत्रं गोळा करायला लागा.