तुंबा व धारवे, चतुश्चक्रचालित वाहनाचे
चाक ज्या मध्यभागावर बोल्टांनी आवळलेले असते तो तुंबा आणि तुंबा ज्यांवर फिरतो ते धारवे (बेअरिंगे) होत. साध्या मालमोटारीत पुढील चाके केवळ भार पेलतात व वळतात. चतुश्चक्रचालित पिकपमध्ये त्यांना एंजिनाची शक्तीही पुरवावी लागते. त्यामुळे चालक दंड तुंब्यापर्यंत आणलेला असतो व उकल किचकट होते. नाशिकच्या महिंद्रा अँड महिंद्रा कारखान्यात 2002 पासून तयार होऊ लागलेल्या स्कॉर्पिओच्या काही प्रकारांत असे चालन आढळते.

इगतपुरी, त्र्यंबकेश्वर या अतिवृष्टीच्या तालुक्यांत ओढे ओलांडताना झिजलेल्या रोधकातून (सीलमधून) पाणी आत शिरते, वंगण बिघडते व धारवे गंजतात. घरघर व चाकाचा डुलकेपणा ही त्याची लक्षणे होत.

जुन्या रचनेत निमुळत्या रुळांचे दोन धारवे असतात. रूळ व बाहेरील कडे जोडीनेच बदलावे. झिजलेल्या कड्यात नवे रूळ टिकत नाहीत. चाक फिरवीत नट प्रथम आवळतात, नंतर ढिला करून निर्मात्याने ठरविलेल्या मापाला आणतात. चूक बहुधा येथेच होते : अति आवळल्यास धारवा तापून जखडतो, सैल राहिल्यास चाक डुलते, क्वचित ते निखळतेही.

नव्या वाहनांतील बंदिस्त तुंब्यात अशी जुळवणी नसते. तो सबंध बदलतात. मात्र दंडाचा नट अंदाजाने न आवळता पीळमापक पान्यानेच आवळावा लागतो.