खाऱ्या पाण्याच्या टाकीची ट्यूब बदलताना

शोभेच्या माशांच्या धंद्यात मासे एकदाच विकले जातात. महिन्याला ठरलेले उत्पन्न देते ती टाक्यांची देखभाल. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ला येथे हा व्यापार वर्षानुवर्षे चालत आला आहे. गोड्या पाण्याच्या टाक्या सांभाळणारे पुष्कळ सापडतात, खाऱ्या पाण्याची टाकी नीट सांभाळणारे थोडे. म्हणूनच या कामाला दाम चांगला मिळतो आणि चूक झाली तर बोलही मोठा लागतो. चूक बहुधा पाण्यात होते असे समजतात. आमच्या मते ती तितकीच वेळा डोक्यावरच्या दिव्यात होते.

आधी कायद्याची बाजू स्पष्ट करून घेऊ. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे हे सर्व वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत; २००१ साली ही यादी वाढवण्यात आली. आपल्या समुद्रातून काढलेले असे प्रवाळ विकणे वा बाळगणे हा गंभीर गुन्हा आहे. ‘थोडेसेच आहे, कोण विचारतो’ म्हणणाऱ्या पुरवठादारापासून चार हात दूर राहावे. आखातात किंवा इतरत्र काम करणाऱ्या आपल्या कारागिरांनाही हे लागू आहे, कारण दगडी प्रवाळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइटीस’ करारानुसार परवान्याने चालतो. मालाचे कागद पाहूनच हात लावावा. पुढची माहिती कायदेशीर प्रवाळाच्या टाकीला जशी उपयोगी, तशीच क्लाउनफिशबरोबर समुद्रफूल ठेवलेल्या टाकीलाही.

प्रवाळाच्या अंगात अतिशय सूक्ष्म शेवाळ राहते. ते उजेडावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. म्हणजे दिवा हा या टाकीत शोभेचा नाही, तो जेवणाचा भाग आहे. समुद्रात लाल रंगाचा उजेड पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो आणि निळा खोलवर पोहोचतो. त्यामुळे या टाक्यांच्या ट्यूबमध्ये ४२० ते ४६० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा भाग भरपूर लागतो. घरातील साध्या ‘डेलाइट’ ट्यूबमध्ये तो पुरेसा नसतो. मासे तिच्याखाली छान दिसतील, प्रवाळ मात्र उपाशी राहील.

आता खरी गोम. ट्यूब पेटते आहे म्हणजे ती चांगली आहे, असे गिऱ्हाईक समजते. हिशेब करा: रोज दहा तास म्हणजे वर्षाला ३,६५० तास. चांगल्या टी-५ ट्यूबच्या डब्यावर सुमारे २०,००० तासांचे आयुष्य लिहिलेले असते, म्हणजे ती पाच वर्षेसुद्धा पेटत राहील. पण आतला रंगद्रव्याचा थर थकत जातो आणि उजेड हळूहळू घटतो. डोळ्याला हा फरक कळत नाही, कारण डोळा रोजच्या उजेडाला सरावतो. म्हणून प्रवाळाच्या टाकीत टी-५ ट्यूब साधारण नऊ ते बारा महिन्यांत आणि मेटल हॅलाइड बल्ब दहा ते बारा महिन्यांत बदलण्याचा प्रघात आहे. उजेड मोजणारा ‘पार मीटर’ जवळ असेल तर वादच मिटतो. नवी ट्यूब लावल्यावर एका ठरावीक जागी आकडा लिहून ठेवा आणि तो पाव ते तिसऱ्या हिश्श्याने खाली आला की बदला. मीटर नसेल तर ट्यूबच्या टोपणाजवळ मार्करने तारीख लिहा. दोन रुपयांचे हे काम किती दुकानदार करतात?

दुसरी गोम मापाची आहे आणि इथे अनुभवी इलेक्ट्रिशियनही फसतो. टी-५ ट्यूब १६ मिलिमीटर जाडीची असते आणि तिचे दोन प्रकार आहेत: कमी विजेची एच.ई. आणि जास्त उजेडाची एच.ओ. २८ वॉटची एच.ई. आणि ५४ वॉटची एच.ओ. या दोन्ही ट्यूब ११४९ मिलिमीटर लांब. होल्डर एकच, पिनाही त्याच. तसेच २१ व ३९ वॉट एकाच लांबीच्या, १४ व २४ वॉट एकाच लांबीच्या. त्यामुळे बाजारातून ‘चार फुटी टी-५ दे’ असे सांगून आणलेली ट्यूब बसते आणि पेटतेसुद्धा. पण ५४ वॉटच्या चोकवर २८ वॉटची ट्यूब झेपण्याबाहेर चालते आणि लवकर काळी पडते. जुनी ट्यूब बरोबर न्यावी, तिच्यावरचे वॉट वाचावे आणि चोकवर काय लिहिले आहे तेही पाहावे. नुसत्या लांबीवर कधीही माल घेऊ नये.

रंगाच्या बाबतीत केल्विनचा आकडा पाहतात. ६,५०० पिवळसर पांढरा, १०,००० थंड पांढरा, २०,००० गडद निळा, असे ढोबळ समजावे. ढोबळ अशासाठी की दोन कारखान्यांचे १४,००० केल्विन एकसारखे दिसतीलच असे नाही. टाकी ज्या ट्यूबवर वाढली, तीच कंपनी आणि तोच नमुना परत घेणे सर्वांत सुरक्षित. सहा ट्यूबच्या पट्टीत तीन-चार निळ्या, एखादी जांभळट आणि बाकी पांढऱ्या, असा मेळ पुष्कळ जण ठेवतात. गिऱ्हाइकाला उजेड फार निळा वाटला तर पांढरी एक वाढवावी. तेवढ्याने बिघडत नाही.

मेटल हॅलाइडमध्ये दोन्ही टोकांना पिना असलेल्या बल्बला बाहेरचे काचेचे कवच नसते. त्यामुळे पट्टीवरची अतिनील किरण अडवणारी काच फुटली असेल तर दिवा लावूच नये. प्रवाळ भाजते आणि आपले डोळेही. बल्बला उघडे बोट लावू नये, स्वच्छ कापडाने धरावा.

सगळ्या ट्यूब एकाच दिवशी बदलू नका. वर्षभर मंद उजेडाला सरावलेल्या प्रवाळावर एकदम नवा उजेड पडला की ते अंगातले शेवाळ टाकते, पांढरे पडते आणि मरूही शकते. मग चार वर्षे वाढवलेल्या प्रवाळाची भरपाई कोणी द्यायची, हा वाद उभा राहतो आणि गिऱ्हाईक तुटते. दर आठ-दहा दिवसांनी एकेक ट्यूब बदला, सुरुवातीला दिवा दोन-तीन तास कमी ठेवा. गिऱ्हाईक घाईत असेल तर पट्टी थोडी वर उचला. झाकणाची काचही पुसून घ्या. तिच्यावर बसलेले मीठ उजेड बराच खाते. बंद झाकणात उष्णता कोंडली तर टी-५ चा उजेड घटतो, कारण ३५ अंशांच्या आसपास ती सर्वांत चांगली चालते. मुंबईच्या उन्हाळ्यात छोटा पंखा लावणे भाग आहे.

जुन्या ट्यूबमध्ये पारा असतो. ती फोडून कचऱ्यात टाकू नये, ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यावी. याच पाऱ्यामुळे मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी २०२३ मध्ये साध्या उजेडाच्या लांब ट्यूबचे उत्पादन २०२७ पर्यंत थांबवायचे ठरवले. प्रवाळाच्या खास ट्यूब त्या साध्या वर्गातल्या नव्हेत, पण एकूण मागणी घटली की त्यांचे कारखानेही कमी होणार. सहा ट्यूबची ५४ वॉटची पट्टी दहा तासांत सव्वातीन युनिट वीज खाते, चोकची घट वेगळी. तेव्हा पट्टीचे चोक जुने झाले असतील तर नव्या सहा ट्यूब घेण्याआधी एलईडीचा भाव विचारून ठेवा. चोक धड असेल तर मात्र घाई नको. एक जादा संच घेऊन तारीख टाकून ठेवा.