आत्मविश्वासाचे प्रकार आणि नवोदित व्यावसायिक : मावळ परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

पदवीच्या अखेरच्या वर्षी ‘व्यक्तिमत्त्व विकास’ या विषयावर एखादी कार्यशाळा घेण्याचा प्रघात आता बहुतेक महाविद्यालयांत रुळला आहे. उभे कसे राहावे, नजरेला नजर कशी द्यावी, स्वतःची ओळख दोन मिनिटांत कशी करून द्यावी, हे बाहेरून आलेले वक्ते सांगतात. विद्यार्थी टाळ्या वाजवतात आणि अहवालात ‘आत्मविश्वास वृद्धिंगत झाला’ अशी नोंद होते. पुढे यांतलेच काही विद्यार्थी तळेगाव, चाकण किंवा हिंजवडी येथे नोकरीस लागतात आणि ‘मुलगा चांगला आहे, पण कॉन्फिडन्स नाही’ असा शेरा घेऊन परततात. हा शेरा नेमका कशाविषयीचा असतो? यंत्र हाताळण्याविषयीचा, इंग्रजीत बोलण्याविषयीचा, की ‘साहेब, हे माप चुकते आहे’ असे वरिष्ठाला सांगण्याविषयीचा? या तीन गोष्टींना भाषेत शब्द एकच असला, तरी त्या एकाच मुशीतून घडत नाहीत. प्रस्तुत लेखात या भेदांचे विवेचन मावळ व लोणावळा परिसरातील काही उदाहरणांच्या आधारे करण्याचा प्रयत्न केला आहे.

संकल्पनेची मांडणी

आत्मविश्वास हा स्वभावगुण आहे, तो असतो तरी किंवा नसतो तरी, हा समज शिक्षकांतही रूढ आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा (१९२५–२०२१) यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या ‘स्वकार्यक्षमता’ या संकल्पनेने या समजाला छेद दिला. विशिष्ट काम आपल्या हातून होईल ही धारणा त्या त्या कामापुरती असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. उत्तम पोहणारा माणूस हिशेबाच्या वहीपुढे गांगरू शकतो. त्यात विसंगती काहीच नाही. ही धारणा चार मार्गांनी घडते : स्वतः काम पार पाडण्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते करताना पाहणे, विश्वासू व्यक्तीचा शब्द आणि स्वतःच्या शारीरिक-भावनिक स्थितीचा आपण लावलेला अर्थ. यांपैकी पहिला मार्ग सर्वांत बळकट असतो. सापाची तीव्र भीती असलेल्या व्यक्तींवरील प्रयोगांत, दुसऱ्याला साप हाताळताना नुसते पाहणाऱ्यांपेक्षा मार्गदर्शकासोबत पायरीपायरीने स्वतः साप हाताळणाऱ्यांची धारणा अधिक दृढ झाल्याचे बांदुरा व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. कार्यशाळेतील व्याख्यान प्रामुख्याने तिसऱ्या मार्गात मोडते. आणि तेथे वक्ता पाहुणा असतो, विद्यार्थ्याला ओळखतही नसतो.

हाताचा विश्वास

पहिल्या मार्गाचे एक जुने उदाहरण मावळातच आहे. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून एकेक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योग उभारण्याची कल्पना मांडली. लोकमान्य टिळकांचे पाठबळ या पैसाफंडास लाभले आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना सुरू झाला. जपान व अमेरिका येथे शिक्षण घेऊन आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे त्याची तांत्रिक धुरा होती. तत्पूर्वी देशात निघालेल्या काचकारखान्यांपैकी अनेक बंद पडले होते. भांडवल आणि भट्टी असूनही काम जाणणारे हात परदेशी कारागिरांचे होते, ही त्यांची एक मोठी अडचण होती. तळेगावच्या कारखान्याचे वेगळेपण असे, की तो मालाइतकीच माणसेही घडवण्यासाठी काढलेला होता. तेथे शिकलेले तरुण पुढे देशातील इतर काचकारखान्यांत गेले.

काचेचे काम कसे शिकले जाते, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. फुंकनळीच्या टोकावर घेतलेली वितळलेली काच काही क्षणांतच घट्ट होऊ लागते. ती किती फुंकायची, नळी किती वेगाने फिरवायची, पुन्हा भट्टीत केव्हा धरायची, हे रंगावरून आणि हाताला लागणाऱ्या वजनावरून ठरते. आकार साधला तरी काम संपत नाही. वस्तू सावकाश थंड केली नाही, तर आत राहिलेल्या ताणामुळे ती नंतर केव्हाही तडकू शकते. म्हणजे येथे चूक लपत नाही आणि स्तुतीने भरूनही निघत नाही. शंभर वेळा फुटलेल्या काचेनंतर साधलेले भांडे शिकणाऱ्याला जे सांगते, ते कोणत्याही प्रशस्तिपत्रात लिहिता येत नाही.

लोणावळ्यातील भारतीय नौदलाच्या ‘आयएनएस शिवाजी’ या अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्थेतही (स्थापना १५ फेब्रुवारी १९४५) हेच तत्त्व वेगळ्या रूपात दिसते. जहाजाला भोक पडून पाणी आत शिरू लागले तर काय करावे, हे फळ्यावर शिकवता येते. परंतु नौदलाच्या हानिनियंत्रण प्रशिक्षणात तरुणांना प्रतिकृती-कक्षात प्रत्यक्ष घुसणाऱ्या पाण्यात उभे राहून, लाकडी पाचरी ठोकून गळती थोपवावी लागते. संकट कृत्रिम असले, तरी पाणी खरे असते. आपल्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने पदवीपर्यंत एकाही खऱ्या दुकानाची वर्षभराची खतावणी पूर्ण केलेली नसते, ही तुलना कटू वाटली तरी टाळता येत नाही.

वाणीचा विश्वास

ग्रामीण विद्यार्थ्याला सभाधीटपणा नसतो, असे विधान महाविद्यालयीन बैठकांत वारंवार ऐकू येते. ते तपासून पाहण्याजोगे आहे. मावळातील गावागावांत हरिनाम सप्ताह होतात. तेथे शेकडो लोकांसमोर पखवाज वाजवणारा, अभंगाची चाल उचलून धरणारा तरुण अनेकदा याच वर्गातल्या शेवटच्या बाकावरचा असतो. भातलावणीच्या दिवसांत रोपे उपटणीला आली की नाही, खाचरात पाणी किती ठेवायचे, याचा निर्णय घरच्या वडीलधाऱ्यांसोबत घेणारीही हीच मुले असतात. तेव्हा उणीव धीटपणाची नाही. मुलाखतीच्या टेबलावर भाषा इंग्रजी असते, समोरचे चेहरे अपरिचित असतात आणि विचारले जाणारे प्रश्न कधी कानावर पडलेले नसतात. तेथे पूर्वीचा अनुभव आपोआप उपयोगी पडत नाही.

यावर इंग्रजी संभाषणाचा वर्ग हा सरधोपट उपाय झाला. तो आवश्यकच आहे, पण अपुरा आहे. बांदुरा यांचा दुसरा मार्ग येथे अधिक कामी येतो. आंदर मावळातून वा नाणे मावळातून शिकून तीन-चार वर्षांपूर्वी नोकरीस लागलेला माजी विद्यार्थी वर्गात येऊन आपली पहिली फसलेली मुलाखत सांगतो, तेव्हा श्रोत्यांना तो आपल्यातला वाटतो. पुण्याहून आलेल्या अस्खलित वक्त्याचा परिणाम काही वेळा उलटही होतो : ‘हे त्यांना जमते, कारण ते तसेच आहेत.’

अंदाजाचा विश्वास

सर्वांत दुर्लक्षित प्रकार स्वतःच्या निर्णयावरील विश्वासाचा. येथे कमी असणे जसे घातक, तसेच जास्त असणेही. डेव्हिड डनिंग व जस्टिन क्रूगर यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले, की ज्यांची कामगिरी कच्ची असते त्यांना अनेकदा आपल्या कच्चेपणाचा अंदाजही येत नाही. याउलट पॉलिन क्लान्स व सुझान आइम्स यांनी १९७८ मध्ये कर्तृत्ववान स्त्रियांच्या एका मनोवस्थेचे वर्णन केले : यश हाती असूनही आपण लायक नाही आणि केव्हातरी उघडे पडू, ही भीती. कुटुंबातील पहिल्याच पिढीतून पदवीपर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थिनींना शिकवणाऱ्या अध्यापकांना या वर्णनाची ओळख पटवून द्यावी लागत नाही.

अशा दोघांनाही ‘स्वतःवर विश्वास ठेवा’ हा एकच उपदेश करणे म्हणजे दोन रुग्णांना एकच पुडी देण्यासारखे आहे. उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे. काम हाती घेण्यापूर्वी ते किती वेळात होईल, कोठे अडेल, निकाल काय येईल, हे लिहून ठेवावे आणि नंतर प्रत्यक्षाशी ताडून पाहावे. काही महिन्यांच्या नोंदींतून आपला अंदाज कोणत्या कामात खरा ठरतो व कोणत्या कामात वाहवतो, हे कळू लागते. प्रयोगशाळेतील मुलांना अपेक्षित वाचन आधी लिहायला सांगणारे शिक्षक हेच करून घेतात, फक्त त्याला हे नाव देत नाहीत.

शरीर आणि उसना आधार

चौथ्या मार्गाबद्दल थोडेच सांगणे पुरे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचा शरीरावरील परिणाम उपकरणांनी मोजण्यास आरंभ केला. धडधडणारी छाती आणि घामेजलेले तळवे हे अपात्रतेचे पुरावे नव्हेत, शरीर कामाला सिद्ध होत असल्याचीही ती खूण असू शकते, एवढे उमजले तरी नवख्याचे ओझे हलके होते. श्वास संथ करता येतो. मात्र संथ श्वासाने न केलेला अभ्यास भरून निघत नाही.

आणखी एका आधाराची नोंद येथे केली पाहिजे. मोठ्या कंपनीचे ओळखपत्र गळ्यात आले, की चालण्याबोलण्यात फरक पडतो. तो खरा असतो, पण त्यातला काही भाग उसना असतो. जनरल मोटर्सचा तळेगाव येथील मोटारकारखाना २००८ मध्ये सुरू झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये तेथील उत्पादन थांबले. पुढे ती वास्तू ह्युंदाईने घेतली. कारखाना बंद होतो तेव्हा ओळखपत्र परत करावे लागते. हातातले कसब सोबत राहते, परंतु ते दुसऱ्या दारी दाखवता येईल अशा स्वरूपात कोठे लिहिलेले नसेल, तर नवा मालक अनुभवाची वर्षे फक्त मोजतो.

अध्यापकाचा प्रश्न

हे विवेचन विद्यार्थ्यांपुरते ठेवणे सोयीचे झाले असते. परंतु महाविद्यालयांत नवोदित व्यावसायिकांचा आणखी एक वर्ग आहे : तासिका तत्त्वावर नेमलेले तरुण अध्यापक. त्यांची नेमणूक दरवर्षी नव्याने होते. विषय बदलतो, कधी महाविद्यालयही बदलते. एकच पेपर सलग तीन वर्षे शिकवून तो आपलासा होण्याचा अनुभव, म्हणजे बांदुरा यांचा पहिला मार्गच, त्यांना क्वचित लाभतो. दुसरा मार्गही बंदच असतो, कारण आपल्याकडे एका अध्यापकाने दुसऱ्याच्या तासाला मागे बसण्याची रीत नाही. बसलाच तर ती तपासणी मानली जाते. तिसऱ्या मार्गाची भिस्त वर्षअखेरीच्या अभिप्राय-फॉर्मवर, आणि त्यातील आकडे बहुधा पुढच्या मुलाखतीच्या वेळीच बाहेर निघतात.

वेळापत्रक आखताना गेल्या वर्षीचा पेपर त्याच अध्यापकाकडे ठेवणे, सत्रात दोन तास ज्येष्ठ सहकाऱ्याच्या वर्गात व दोन तास त्यांनी आपल्या वर्गात बसणे आणि त्यानंतर चहाच्या वेळी दहा मिनिटे त्याच तासाविषयी बोलणे, यांपैकी कशालाच शासनाची मंजुरी लागत नाही. जूनमध्ये विभागप्रमुख वेळापत्रकाचा कागद पुढ्यात घेतात, तेव्हा यांतल्या पहिल्या गोष्टीचा निर्णय होऊन जातो.