शरीर मोठं, पोर लहान

तिसरी-चौथीतली मुलगी. कालपर्यंत लंगडी खेळत होती. आता उन्हाळ्यातही फ्रॉकवर स्वेटर चढवते, वेणी घालताना हात लागला तरी खेकसते. आया सांगतात, “सिस्टर, पोरगी आगाऊ झालीय.” मी आधी तिचं वय विचारते.

मुलींमध्ये छातीची वाढ साधारण ८ ते १३ या वयात सुरू होते. पाळी त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी येते. ८ वर्षांच्या आतच वाढ दिसली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवं.

हार्मोन्समुळे चिडचिड होते, रडू येतं. पण माझ्या मते त्याहून जास्त छळते ती आपली नजर. थोराड दिसते म्हणून बाईंना तिच्याकडून मोठ्या मुलीची समज हवी असते. घरात खेळ बंद, ओढणी सुरू, वर धाकट्या भावाला सांभाळायचं. रस्त्यावरचे पुरुष वय विचारून बघत नाहीत. बरोबरीच्या मैत्रिणी दुरावतात, मग ती मोठ्या मुलामुलींत मिसळते. अशा मुलींमध्ये उदासी, चिंता आणि शरीराची लाज जास्त आढळते.

तपासणीत डाव्या हाताचा एक्स-रे आणि रक्त बघतात. बहुतेक मुलींमध्ये गंभीर कारण सापडत नाही. गरज असेल तर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन देऊन ही वाढ थोपवतात. ते थांबवलं की वयात येणं पुन्हा सुरू होतं. ‘पुढे मूल होणार नाही’ ही भीती मनातून काढा. उपचाराविना हाडांची वाढ मात्र लवकर थांबू शकते, आणि आज वर्गात सगळ्यात उंच असलेली पोर पुढे बुटकी राहते.

२०१४ साली सुरू झालेला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम १० ते १९ वयोगटासाठी आहे. आठ-नऊ वर्षांची पोर त्यात बसतच नाही. तेव्हा बोलायचं घरातच, आणि पाळी यायच्या आधी: “बाळा, तुझं शरीर जरा लवकर वाढतंय. तू अजून लहानच आहेस. जा, खेळ.” दप्तरात पॅड आणि जादा निकर ठेवा, एका बाईंना विश्वासात घ्या. पाळीत वेगळं बसवणं आपल्या घरांत नाही म्हणतो, तरी काही ठिकाणी मला दिसतं. ते बंद करा. कुणी नको तिथे हात लावला तर चूक तिची नाही, हे तिला आधीच सांगून ठेवा. अशा वेळी १०९८ वर फोन करा.

आणि बाबांनो, कालपर्यंत मांडीवर बसणाऱ्या लेकीपासून एकदम लांब होऊ नका. शाळेतून आली की पूर्वीसारखंच विचारा, आज काय खेळलीस?