मधली काळी पट्टी

पहिल्या दिवशी मी चिपीला उतरू शकलो नाही, कारण धावपट्टी दिसलीच नाही. हवा स्वच्छ होती, इंजिन ठाकठीक, उंची बरोबर. डाव्या हाताला तारकर्लीचा किनारा, उजव्या हाताला कर्ली नदीचं मुख आणि पलीकडे भोगव्याचा डोंगर, सगळं जिथल्या तिथे. फक्त जिथे विमानाचं नाक असतं आणि नाकाच्या रेषेत धावपट्टी असायला हवी, तिथे दीड बोट रुंदीची काळी प्लॅस्टिकची पट्टी उभी होती. दोन मॉनिटर शेजारी-शेजारी ठेवून मी एकच देखावा दोघांवर ताणला होता, आणि दोघांच्या चौकटी जिथे भिडतात ती जागा नेमकी वैमानिकाच्या डोळ्यांसमोर आली होती.

हे आधीच कळायला हवं होतं. तीन पडदे असले तर मधला समोर येतो आणि बाजूचे दोन खिडक्या होतात. एक असला तर प्रश्नच नाही. दोनाला मात्र मध्य नसतो. पण दुसरा मॉनिटर घरात आला की माणसाला जग दुप्पट रुंद करण्याचाच मोह होतो. मीही तेच केलं, आणि दोन दिवस मान वाकडी करून काळ्या पट्टीच्या आडून डोकावत बसलो. खऱ्या गाडीत काचेवर लोंबणारं लिंबू-मिरची बाजूला सारता येतं. ही पट्टी सरकत नाही.

जून महिना होता. देवबागात जून म्हणजे सक्तीची विश्रांती. १ जूनपासून मासेमारी बंद, पर्यटकांच्या होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांखाली झाकलेल्या, माझ्या दोन खोल्यांत पाहुणा नाही. गावाच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला नदी, आणि मधल्या चिंचोळ्या वाळूवर माड आणि आम्ही. रात्री अंथरुणावर पडलं की दोन्हीकडून पाण्याचा आवाज येतो. नदीपलीकडच्या सड्यावर चिपीचा विमानतळ आहे. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी त्याचं उद्घाटन झालं आणि मुंबईहून अलायन्स एअरचं एटीआर ७२ विमान तिथे उतरलं. धावपट्टी पूर्व-पश्चिम, अडीच किलोमीटर लांब. समुद्राकडून उतरणारं विमान आमच्याच किनारपट्टीवरून जातं. तेव्हापासून आकाशात घरघर ऐकू आली की मी हातातलं टाकून खळ्यात येतो. वय पन्नाशीपलीकडे गेलंय, पण ही सवय लागली ती लागलीच. सिम्युलेटर हा त्या सवयीचाच पुढचा टप्पा.

तर दोन मॉनिटर. मोठा सत्तावीस इंची, नवा. धाकटा एकोणीस इंची, मुंबईच्या नोकरीतून सुटताना आणलेला, कडेला पिवळसर पडलेला. शेजारी-शेजारीचा प्रयोग फसल्यावर मी त्यांची वरखाली मांडणी केली. मोठ्याच्या बुडाखाली जांभ्या चिऱ्याचे दोन तुकडे घातले आणि त्याला उंच केलं. धाकट्याचा स्टँड काढून तो मोठ्याच्या पुढ्यात, मेजावर, एका जुन्या पाटाला टेकवून तिरका ठेवला. आईने तो पाट ओळखला आणि चार दिवस त्याबद्दल बोलत राहिली. वरचा पडदा म्हणजे विमानाची काच. खालचा म्हणजे वैमानिकाच्या पुढ्यातला फलक. मग संगणकाच्या सेटिंगमध्ये जाऊन त्यालाही सांगावं लागतं की दुसरा पडदा उजवीकडे नाही, खाली आहे. नाहीतर माऊसचा बाण उजव्या भिंतीतून बाहेर पडतो आणि मेजाच्या पातळीवर उगवतो.

माझ्याकडे मायक्रोसॉफ्टचा २०२० सालचा सिम्युलेटर आहे. त्यातलं सेसना १७२ हे विमान काचेच्या उपकरणांचं आहे: गोल तबकड्यांऐवजी दोन चौकोनी पडदे. उजवीकडची ऑल्ट कळ दाबून त्यातल्या एकावर क्लिक केलं की तो पडदा विमानातून निखळतो आणि सुट्या खिडकीत येतो. ती खिडकी माऊसने धरून खाली ओढायची, धाकट्या मॉनिटरवर सोडायची, ताणून बसवायची. डावीकडे वेगाची पट्टी, उजवीकडे उंचीची, मध्ये निळं आकाश आणि तपकिरी जमीन. पहिल्यांदा ते खाली नीट बसलं तेव्हा खरंच काहीतरी घडल्यासारखं वाटलं. वरच्या पडद्यावर आता नजर जरा वर उचलता येत होती. एकाच पडद्यावर उडवताना अर्धी जागा फलकच खातो, आणि समुद्र उरतो वितभर.

त्या सुखाची किंमत लगेच मोजावी लागते. सुटी केलेली प्रत्येक खिडकी संगणकाला पुन्हा वेगळी रंगवावी लागते, त्यामुळे दृश्य अडखळायला लागतं. माडांच्या सावल्यांचा दर्जा कमी केला, ढग कमी केले, तेव्हा कुठे गाडी सुरळीत झाली. दुसरं दुखणं अधिक छुपं. खालच्या खिडकीवर क्लिक केलं की संगणकाचं लक्ष तिच्याकडे जातं, आणि मग कीबोर्डवरची कळ दाबून फ्लॅप उघडायला गेलं तरी ते उघडत नाहीत. आपण कळ बडवत राहतो. आणि तिसरं म्हणजे प्रोग्राम बंद करून पुन्हा लावला की सगळं परत ओढा, परत ताणा. जागा लक्षात ठेवणारी फुकट साधनं हौशी लोकांनी लिहून ठेवली आहेत. मी ती वापरत नाही. मला ते उड्डाणापूर्वीचं आन्हिक वाटतं.

देवबागाची म्हणून काही वेगळी दुखणी आहेतच. खारा वारा तारांच्या टोकांना सोडत नाही. स्क्रू तांबूस पडतात, प्लग महिन्यातून एकदा काढून पुसावा लागतो. वीज पावसाळ्यात पाहुण्यासारखी येते-जाते. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर तर आम्ही कित्येक दिवस कंदिलावर होतो. इन्व्हर्टरवर संगणकाचा भार असताना धाकट्या मॉनिटरचे वीस-पंचवीस वॉटही मोजावे लागतात. एकदा विमान खाली येत असताना वीज गेली आणि इन्व्हर्टरने फक्त खालचा मॉनिटर जिवंत ठेवला. त्या दिवशी इन्व्हर्टरच्या सॉकेटला तेवढाच जोडलेला होता. संगणक मेला होता, त्यामुळे त्यावर एवढंच लिहून आलं की सिग्नल नाही.

बाहेर बघायचं की आत, ही भानगड सिम्युलेटरच्या जन्माइतकी जुनी आहे. अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या माणसाने १९२९ साली पहिला उपयोगी उड्डाण-प्रशिक्षक बनवला. त्याच्या घरचा धंदा ऑर्गन बनवण्याचा, तेव्हा यंत्र हलवायला त्याने ऑर्गनचेच भाते वापरले. आंधळ्या उड्डाणाच्या सरावात विद्यार्थ्यावर झाकण पाडून त्याला फक्त तबकड्यांवर उडायला लावत. म्हणजे त्यात होता तो फक्त माझा खालचा मॉनिटर. वरचा नव्हताच. पुढे १९८२ साली मायक्रोसॉफ्टने ब्रूस आर्टविकचा सिम्युलेटर आयबीएमच्या पीसीवर आणला, त्यात एका पडद्याचे आडवे दोन भाग होते: वर चार रेघांचं शिकागो, खाली तबकड्या. विंडोज ९८ पासून एका संगणकाला दोन मॉनिटर जोडणं घरच्या माणसाच्या आवाक्यात आलं. मी चिऱ्यावर आणि पाटावर जे मांडलं, ते आर्टविकचंच चित्र मधोमध कापून.

नीट सराव म्हणून मी एक ठरलेला फेरा धरला. दाभोळीहून पश्चिमेला समुद्रावर उड्डाण, उजवीकडे वळून किनारा धरायचा. मांडवी, आग्वाद, शापोरा, मग तेरेखोलची खाडी, रेडी, शिरोडा, वेंगुर्ला. निवती ओलांडली की आपलं घर. सुमारे ४० नॉटिकल मैल. सेसनाला ताशी ११० नॉटच्या आसपास वेगाने बावीस-तेवीस मिनिटं लागतात. तेवढ्यात चहा थंड होतो.

तिसऱ्या की चौथ्या फेऱ्यात मी वेंगुर्ल्यासमोर समुद्रात पडलो. खालच्या मॉनिटरवरचा नकाशा नीट बसत नव्हता, तो सरळ करण्यात मी गुंग. उंचीची पट्टी त्याच पडद्यावर, बोटभर अंतरावर सरकत होती. मी तिच्याकडे बघत होतो, पण वाचत नव्हतो. नवा पडदा छान दिसत होता म्हणून मी त्याच्याकडे बघत होतो, एवढंच. वर मान केली तेव्हा पाणी आलं होतं.

खऱ्या विमानांचं हेच झालेलं आहे. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री ईस्टर्न एअरलाइन्सचं उड्डाण ४०१ मायामीजवळच्या एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळलं. पुढच्या चाकाचा दिवा लागत नव्हता, आणि कॉकपिटमधली सगळी मंडळी त्या दिव्यात अडकली. उंची धरून ठेवणारा ऑटोपायलट सुटल्याचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. शंभराहून अधिक माणसं गेली. दिवा जळालेला होता, चाक खाली आलेलं होतं.

काका त्याच आठवड्यात आले. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, तीसेक वर्षं तांडेल म्हणून समुद्रावर. पावसात त्यांनाही काम नव्हतं. दारात छत्री झटकून ते मेजामागे येऊन उभे राहिले.

“ह्या काय रे? दोन टीव्ही कशाक?”

“एक बाहेर बघूक, एक आत बघूक.”

ते काही बोलले नाहीत. मी वेंगुर्ल्यापासून निवतीपर्यंत आलो. माझी मान सारखी खालीवर होत होती, कोंबडं दाणे टिपतं तशी.

“तू खंय बघतंस? वर बघ मेल्या.”

मी म्हटलं, वेग आणि उंची खाली असते. तुमच्या होडीवर जीपीएस आहे, तुम्हीही बघताच की.

“जीपीएस खंय जावचा ता सांगता. लाट खंयसून येता ता सांगना नाय.”

मग त्यांनी समजावलं. खोल समुद्रात, रात्रीचं, ते यंत्राकडे बघतात. पूर्वी यंत्र नव्हतं तेव्हा किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरायचे, अमुक डोंगर अमुक माडाच्या वर आला की जाळं टाकायची जागा आली. पण संगमात शिरताना, नदीचं पाणी आणि समुद्राची लाट जिथे भांडतात तिथे, सुकाणूवरचा माणूस यंत्राकडे ढुंकूनही बघत नाही. यंत्राशेजारी दुसरा माणूस उभा असतो. तो खोली मोठ्याने सांगत राहतो.

मी विमान थांबवलं. कळ दाबून थांबवता येतं, ही सिम्युलेटरची खरी चैन. मोठ्या विमानांत दोघा वैमानिकांची कामं अशीच वाटलेली असतात, एक उडवतो आणि दुसरा उपकरणांवर नजर ठेवून आकडे बोलतो. हे मी वाचलं होतं. आमच्या खळ्यावरून दिसणाऱ्या संगमात ते रोज चालतं, हे सुचलं नव्हतं.

काकांना खुर्ची दिली. ते धाकट्या मॉनिटरसमोर बसले. डावीकडचा आकडा वेगाचा, उजवीकडचा उंचीचा, एवढंच सांगितलं. इंग्रजी आकड्यांची त्यांना होडीवरून सवय होतीच.

वर भोगवे आलं, मग नदीचं मुख. काकांनी क्षणभर मान वर केली.

“ह्यो संगम जुनो आसा. वाळू आता हकडे इली,” म्हणत त्यांनी मोठ्या पडद्यावर बोट टेकवलं. सिम्युलेटरची जमीन उपग्रहाच्या छायाचित्रांवरून केलेली, आणि आमच्या मुखाशी वाळू स्वस्थ बसत नाही. आमचं घर मात्र त्यात सापडलं. माड होते, छप्पर होतं, कौलांचा रंग चुकला होता.

समुद्रावर लांब जाऊन पूर्वेला वळलो. धावपट्टी समोर, मोठ्या पडद्याच्या ऐन मध्यावर, अखंड. मी तिच्यावरून डोळे हलवले नाहीत.

“सत्तर,” काका म्हणाले. “अडुसष्ट. पासष्ट.”

“उंची?”

“तीनशेचाळीस. तीनशे. वेग बासष्ट. कमी होता हा.”

मी इंजिनला थोडा जोर दिला.

“चौसष्ट. रव आता तसोच.”

चाकं टेकली, एकदा उडाली, पुन्हा टेकली. काका अजून आकडे वाचत होते, चाळीस, तीस, वीस. विमान पूर्ण थांबल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, “ह्या परत मुंबयसून येवक किती वेळ लागात?”