पोराचे पाऊल घसरले, तर...



हरभऱ्याला पाणी सुरू झाले, की विहिरीवरच्या मोटारीची केबल नाही तर स्प्रिंकलरचे नोझल चोरीला जाते. मालेगाव तालुक्यात हे गाऱ्हाणे नवे नाही. कधी चोर सापडतो तो पंधरा-सोळा वर्षांचा, आपल्याच गावचा. मग कोणी म्हणते झोडपा, कोणी म्हणते आत टाका.

नुकसान झालेल्याचा संताप खरा आहे. पण मारहाण हा स्वतःच गुन्हा आहे. आणि 18 वर्षांखालच्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेड्याही घालता येत नाहीत.

2015 चा बाल न्याय कायदा जानेवारी 2016 पासून लागू आहे. पोलीस ठाण्यात यासाठी बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. साध्या चोरीत मुलावर एफआयआर होत नाही. स्टेशन डायरीत नोंद होते. शाळा का सुटली, घरात कमावते कोण, संगत कोणाची, याचा अहवाल पोलीस बाल न्याय मंडळाकडे धाडतात. परिविक्षा अधिकारीही घरची चौकशी करतो. खून-बलात्कारासारखा घोर गुन्हा असला, किंवा सोबत मोठी माणसे असली, तर मात्र एफआयआर होतो.

मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात. त्या दोघांत एक तरी स्त्री असते. तिथे कोर्टासारखा पिंजरा नसतो. समज देऊन घरी पाठवणे, समुपदेशन, समाजसेवेचे काम, देखरेखीखाली पालकांच्या हवाली करणे, असे मार्ग मंडळ काढते. किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार महिन्यांत संपवावी, असा दंडक आहे.

आता तुमचे काम ऐका.

पहिले, शाळेचा जन्मतारखेचा दाखला घेऊन ताबडतोब ठाण्यात जा. वय सिद्ध झाले, की पुढची वाट सोपी होते.

दुसरे, घरची खरी हकीकत सांगा. बापाचे दारूचे व्यसन किंवा डोक्यावरचे कर्ज लाजेने लपवले, तर मदत नेमकी तिथे पोचत नाही.

तिसरे, पोराला चोरीला लावणारा मोठा माणूस असेल, तर त्याचे नाव दडवू नका. मुलांकडून बेकायदा कामे करून घेणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.

चौथे, मुलाचा फोटो मोबाइलवर फिरवू नका. त्याची ओळख उघड करण्यास कायद्याने बंदी आहे.

काही अडले, तर 1098 हा क्रमांक फुकट लागतो. गावच्या बाल संरक्षण समितीकडेही जा. उद्या तोच पोरगा तुमच्या-आमच्या शिवारात राबणार आहे.