अभिव्यक्तिवाद, चित्रकलेतील

विसाव्या शतकाच्या प्रारंभी जर्मनीत उदयास आलेला चित्रकलेतील एक संप्रदाय. वस्तूचे यथातथ्य दर्शन घडविण्याऐवजी तिच्यामुळे कलावंताच्या मनात उठणारा क्षोभ व्यक्त करणे, हे त्याचे ध्येय होय. आकारांचे विरूपण, निसर्गनिरपेक्ष प्रखर रंग व ठसठशीत बाह्यरेषा ही त्याची साधने. नॉर्वेजियन चित्रकार एडव्हार्ट मुंक (१८६३–१९४४) हा त्याचा पूर्वसूरी. किर्खनर, हेकेल प्रभृतींनी ड्रेझ्डेन येथे १९०५ मध्ये ‘सेतू’ हा गट स्थापिला; म्यूनिक येथे १९११ मध्ये कँडिन्स्की व फ्रांट्स मार्क यांचा ‘निळा घोडेस्वार’ हा गट उदयास आला. नाझी राजवटीने १९३७ मध्ये म्यूनिकलाच ‘अधःपतित कला’ म्हणून या चित्रांचे कुचेष्टेखातर प्रदर्शन भरविले. एमिल नोल्डे हा स्वतः नाझी पक्षाचा सदस्य. पण त्याचीही चित्रे त्यातून सुटली नाहीत.

नाझी अंमलामुळे मायदेश सोडावा लागलेले काही कलाभिज्ञ मुंबईत स्थिरावले. चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, समीक्षक रूडॉल्फ फोन लायडेन व संग्राहक इमॅन्युएल श्लेझिंगर हे त्यांपैकी प्रमुख. त्यांच्या सहवासात तरुण चित्रकारांना नव्या यूरोपीय कलेचा परिचय झाला. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’च्या सहा संस्थापकांपैकी दोघांचा नागपूरशी संबंध होता. सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) यांचा जन्म मंडला जिल्ह्यातील. तो तेव्हा मध्य प्रांतात मोडत असे व प्रांताची राजधानी नागपूर होती. तेथील कलाविद्यालयात १९३९ ते १९४३ पर्यंत शिकून ते मुंबईस गेले. मुंबईतील रस्त्यांची त्यांची प्रारंभीची जलरंगचित्रे प्रवाही रंगलेपनामुळे या संप्रदायाच्या जवळची वाटतात. अमरावती जिल्ह्यातील तळेगावचे हरी अंबादास गाडे (१९१७–२००१) हे नागपूर विद्यापीठाचे विज्ञान पदवीधर. त्यांच्या निसर्गचित्रांत रंग दाट आहे; पण रचनेची शिस्त भावनेस मोकाट सुटू देत नाही.

खऱ्या अर्थाने अभिव्यक्तिवादी म्हणावा असा या गटातील चित्रकार म्हणजे गोव्यातील सालिगावचे फ्रान्सिस न्यूटन सोझा (१९२४–२००२). त्यांचे क्रूसारोपण (१९५९) लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्यातील काटेरी, काळ्या रेषांनी कोरलेला ख्रिस्त करुणेपेक्षा भयच अधिक जागवितो. हे यूरोपचे अनुकरण नव्हे. गोव्यातील कॅथलिक संस्कार व त्याविरुद्धचे बंड ही त्याची मुळे होत. सोझा १९४९ मध्ये लंडनला व रझा १९५० मध्ये पॅरिसला गेले आणि गट लवकरच विस्कळित झाला. रझा पुढे बिंदू व भौमितिक आकारांकडे वळले.